सावकारीण

आप्पासाहेबांची बैलगाडी भर दुपारी भीमनगरात शिरली, तेव्हा चांगुणा दारात पाय पसरून बसली होती. पाझर तलावाच्या कामावर आदल्या दिवशी तिच्या पायावर दगड पडला होता. अंगठा काळानिळा होऊन टरारून सुजला होता. नाहीतर त्या वक्ताला ती घरी सापडली नसती. सगळी वस्तीच कामावर गेली होती. पावसानं लागोपाठ दुसऱ्या साली दगा दिलेला. रोजगार हमीवर माती टाकल्याबिगर कुणाची चूल पेटत नव्हती.

गाडी हाकत होता तिचा नवराच, व्यंकटी. आप्पासाहेबांचा सालगडी. गाडीत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या.

"कडबा हिकडं कामून आणलाव?" चांगुणानं विचारलं. "आपल्या दारात शेळी बी न्हाई."

व्यंकटीनं गाडी पार दाराला भिडवली, बैल सोडले नाहीत, आणि इकडं तिकडं बघत पेंढ्या उपसायला लागला. पेंढ्यांखाली पोती होती. पोत्यांत तांब्यापितळेचं काहीतरी एकमेकांवर आदळत होतं. त्यानं एकेक पोतं पाठीवर घेतलं, वाकून दारातून आत नेलं आणि कोपऱ्यातल्या कणगीत उतरवलं. कणगीत दोन साल झाले ज्वारी पडली नव्हती, तळाला नुसतं भुसकट होतं. शेवटी एक कुलूप लावलेली लोखंडी पेटी आली. ती त्यानं चुलीमागं सरकवली आणि तिच्यावर गोधडी टाकली.

चांगुणा लंगडत आत आली. तिनं पोत्याचं तोंड सोडलं. घागरी, पराती, एक कळशी, पितळी समया. एका घागरीच्या गळ्यावर अक्षरं कोरलेली होती. चांगुणा लहानपणी तिसरीपर्यंत शाळेत गेली होती. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"नीलम्मा," ती म्हणाली. "ही तर नीलाक्काची घागर हाय वो."

"असंल."

"मालकाकडं गहाण ठिवल्याली."

"चार दिस ठिवायचं हाय," व्यंकटी म्हणाला. "लातूर जिल्हा झाल्यापासून उदगीरला सहकार खात्याचा नवा साहेब आलाय म्हणं. ज्याच्याकडं परवाना न्हाई त्या सावकाराच्या वाड्यावर जीप घिऊन जायलाय. गहाण वस्तू सापडली की उचलतो, ज्याची त्याला देऊन टाकतो. मालकाला कुणीतरी आदीच सांगितलंय."

"मग आपल्या घरात कामून?"

"आपल्या घरात कोण बघायलंय?"

ते खरंच होतं. भीमनगरात साहेबलोक मतं मागायलासुद्धा कडेकडेनंच येत. चांगुणा भिंतीला टेकून बसली. अंगठ्यातली कळ पार जांघेपर्यंत चढत होती. पायाला जी चिंधी बांधली होती ती नीलम्माच्या लुगड्याची होती. दगड पडला तेव्हा नीलम्मानंच पदराची कड टर्रकन फाडली होती, लिंगायताच्या बाईनं भर कामावर हिचा पाय मांडीवर घेतला म्हणून शेजारच्या बाया तोंडाकडं बघत राहिल्या होत्या.

"मला हे पटत न्हाई," चांगुणा म्हणाली. "वापस न्या."

व्यंकटी दारात थांबला. "नामांतराच्या वक्ताला घर जळालं तवा कुणाच्या गोठ्यात निजलीस?" तो हळू आवाजात म्हणाला. "सारा गाव काठ्या घिऊन उभा होता. एका माणसानं दार उघडलं. इसरलीस काय?"

ती विसरली नव्हती. शेणामुताच्या वासात, बैलांच्या पायांशी, त्यांनी तीन रात्री काढल्या होत्या. आप्पासाहेबांनी दाराबाहेर खाट टाकून झोप काढली होती. तेव्हापासून व्यंकटीनं सालाची बोली कधी केली नाही. मालक देईल ते घ्यायचं, सांगेल ते करायचं.

गाडी गेली. चांगुणानं कणगीवर सूप पालथं घातलं.

पायाची सूज थोडी उतरल्यावर ती पुन्हा कामावर गेली. तलावाच्या खड्ड्यात नीलम्मा टिकाव चालवत होती. मुरूम खडकासारखा झाला होता, टिकावाचं टोक उसळून परत यायचं. चांगुणा खोऱ्यानं पाटी भरून डोक्यावर घेई आणि बांधाचा चढ चढे. ऊन नाकाच्या शेंड्यावर चटका देत होतं. टँकर आला की सगळ्या बाया हंडे घेऊन धावत, तेवढाच वेळ खड्डा रिकामा.

जेवायच्या वक्ताला दोघी एका बाभळीखाली बसल्या. सावली अशी नव्हतीच, नुसत्या काट्यांची जाळी. नीलम्मानं भाकरीवर तिखट घेतलं आणि इकडं सरकली.

"तुला म्हणून सांगायली," ती म्हणाली. "आमी अर्ज केलाव. आप्पासाहेबाच्या इरोधात. मी आन् गावातल्या चार-सा बायांनी. अंगठे दिलाव."

चांगुणानं भाकरी खाली ठेवली.

"नवा साहेब लई कडक हाय म्हणं. लगीन होऊन आले तवाची माझी घागर, माझ्या आयीनं बीदरहून आणून दिल्याली. नवरा वारायच्या आदी त्याच्या दवाखान्यासाठी ठिवली. कितींदा याज भरलं, पन सोडायचं नावच न्हाई. आता येईल बघ माझ्या घरी." नीलम्मा हसली. तिचे पुढचे दात पडलेले होते, हसताना ती पदर तोंडावर धरायची. "तू कामून गप?"

"पाय दुखायलाय."

चांगुणानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. संध्याकाळी ती घरी आली आणि तिनं व्यंकटीला पुन्हा सांगितलं, आजच्या आज वाड्यावर नेऊन टाका. व्यंकटी मालकाला विचारून आला. मालक म्हणाले, आता रस्त्यावर गाडी काढणं धोक्याचं हाय, साहेब कवाबी येईल. व्यंकटी हे सांगताना तिच्याकडं बघत नव्हता. आणखी काहीतरी बोलणं झालं असावं असं तिला वाटलं, पण तो उठून बैलांचं बघायला गेला.

नीलम्माला सांगून टाकावं असं तिच्या मनात रोज यायचं. पाटी उचलताना यायचं, पाटी ओतताना जायचं. सांगितलं तर नवऱ्याची भाकर जाते. नाही सांगितलं तर आपण काय झालो? आज नको, उद्या बघू, असं म्हणत तिनं तो आठवडा काढला.

मग जीप आली.

जीप आधी वाड्यावर गेली. साहेब तरणाच होता, चष्म्याचा. त्याच्यासोबत कारकून आणि दोन पोलीस. त्यांनी वाडा धुंडाळला, माळवद बघितलं, कोठारं उघडली. काही सापडलं नाही. गाव दाराबाहेर जमला होता. कामावरच्या बायासुद्धा टिकाव टाकून आल्या होत्या. चांगुणा त्यांच्यात उभी होती.

आप्पासाहेब ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला विभूती. साहेबानं विचारलं, "तुमचा गडी कोण?"

"हा. व्यंकटी."

"राहतो कुठं?"

आप्पासाहेबांनी सुपारी कातरायची थांबवली. त्यांनी व्यंकटीकडं बघितलं, मग साहेबाकडं. "घ्या की त्याची बी झडती," ते म्हणाले. "माझं काय जातंय? ही माणसं मागं काय धंदे करतेत ते मला कुठं ठाव?"

चांगुणाला आधी ते शब्द कळलेच नाहीत. जीपच्या मागं सगळा गाव भीमनगराकडं निघाला तेव्हा कळले. माणसं तिच्या घरात बुटांसकट शिरली. सूप फेकलं, कणगी आडवी केली. भुसकटात लडबडलेल्या घागरी घरंगळत अंगणात आल्या. चुलीमागची पेटी निघाली, कुलूप फोडलं. आत चांदीचे वाळे, कमरपट्टा, डोरली. बाया पुढं झुकल्या. कुणी म्हणालं, "माझे वाळे!" कुणी रडायलाच लागलं.

"हे तुझ्याकडं कसं आलं?" साहेबानं व्यंकटीला विचारलं.

"व्यंकटी," मागून आप्पासाहेब म्हणाले. ते चालत आले होते, धोतराचा सोगा हातात धरून. आवाज अगदी मऊ होता. "खरं असंल ते सांगून टाक साहेबाला. भिऊ नको."

व्यंकटीनं खाली बघितलं. त्याच्या पायाचा अंगठा मातीत रुतत होता.

"माझं हाय," तो म्हणाला. "मीच गहाण घेतलंय. मीच पैसे देत होतो."

"खोटं हाय साहेब!" चांगुणा ओरडली. बायांच्या मधून वाट काढत ती पुढं आली. "आमच्याकडं पेरायला गुंठाभर रान न्हाई. आमी कुणाला काय देणार? मालकानं गाडीत घालून पाठिवलं हे. कडब्याखाली झाकून."

साहेबानं तिच्याकडं नीट बघितलं. मग तो चावडीवर गेला, खुर्ची टाकून बसला आणि वस्तू ओट्यावर मांडायला लावल्या. एकेकीला बोलावलं. "ही वस्तू तुमची? कुणाकडं ठेवली होती?"

गर्दीत आप्पासाहेबांचा भाऊबंद संगप्पा, कामावरचा मुकादम, बायांमागून फिरत होता. चांगुणानं त्याचं बोलणं ऐकलं. तो काही लपवून बोलत नव्हता. "व्यंकटीचं नाव घ्या, आत्ता वस्तू घिऊन घरी जा. मालकाचं नाव घ्याल तर खटला लातूरला जाईल. वकील लागंल. वस्तू सरकारात पडून राहतील जलमभर."

पहिली बाई पुढं झाली. "व्यंकटीकडं," ती म्हणाली आणि वाळे पदरात बांधले. दुसरीनं तेच सांगितलं. तिसरी नुसती मान हलवून गेली.

नीलम्माची पाळी आली तेव्हा चांगुणाला धीर आला. अर्जावर हिचाच अंगठा होता. अर्जात नाव आप्पासाहेबांचं होतं. साहेबालाही ते ठाऊक होतं, तो कागद बाजूला ठेवून म्हणाला, "बाई, तुम्ही तर अर्जात दुसरं नाव दिलंय. नीट आठवून सांगा."

नीलम्मानं चांगुणाकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता. घागर इतके दिवस हिच्या घरात होती आणि आपण हिच्याशेजारी बसून भाकरी खाल्ली, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण रागाच्या खाली आणखी काही होतं, आणि ते चांगुणाला ओळखू आलं. नीलम्माचे हात घागरीकडं निघाले होते.

"चुकून दिलं नाव," नीलम्मा म्हणाली. "ह्यांच्याचकडं व्हती."

"नीलाक्का!"

नीलम्मानं घागर काखेत घेतली आणि मागं वळून न बघता गेली.

व्यंकटीला जीपमध्ये बसवलं. चांगुणा जीपच्या दांडीला धरून पळाली. "कामून बोललाव? कुणी सांगितलं तसं बोलायला?"

"मालक सोडवून आणणार हायेत," तो हळूच म्हणाला. "दोन-चार दिसांत. बोलणं झालंय आमचं. तू तोंड मिटून राहा."

म्हणजे त्याला माहीत होतं. जीप निघाली तशी दांडी तिच्या हातातून सुटली. धुरळ्यात ती उभी राहिली. बोलणं झालं होतं, मालकाचं आणि ह्याचं. वाड्यावर पोती गाडीत भरताना झालेलं असेल, किंवा नंतर. फक्त तिलाच सांगायचं राहिलं होतं.

दोन-चार दिवस गेले, मग आणखी गेले. आप्पासाहेब उदगीरला गेले नाहीत. चांगुणा वाड्यावर गेली तेव्हा गोठ्यात मलप्पा नावाचा नवा गडी शेण ओढत होता. मालकीण शिवम्मा उंबऱ्याच्या आतून म्हणाली, "आता काय मागायला आलीस? आमचं नाव घाण केलाव तेवढं बास न्हाई का?" आणि आत गेली. आप्पासाहेब घरात होते. त्यांच्या खोकण्याचा आवाज येत होता.

ती कामावर गेली तर संगप्पा मुकादमानं तिला खड्ड्यात उतरू दिलं नाही. "सावकारणीला रोजगार हमी कशाला?" तो मोठ्यानं म्हणाला. "हे गरिबाचं काम हाय बाई." खड्ड्यातली माणसं हसली. हसणाऱ्यांत भीमनगरातलेसुद्धा दोघं होते. नीलम्मा हसली नाही. ती टिकाव चालवत राहिली, उचलून आपटत, उचलून आपटत.

त्या दिवसापासून नाव पडलं. टँकरवर रांगेत उभी राहिली की कुणीतरी म्हणे, "सावकारणीला पुढं जाऊ द्या." लहान पोरं मागून ओरडत. वस्तीतल्या म्हाताऱ्या धोंडाबाईनं तिला पायली ज्वारी उसनी दिली, तीही घरात बोलावून, दार लावून.

एकदा ती पाणी घेऊन नीलम्माच्या घरावरून जात होती. नीलम्मा अंगणात घागर घासत होती. चिंच आणि राख लावून, आतून बाहेरून, जोर काढून. गावात प्यायला पाणी नव्हतं आणि तिनं तांब्याभर पाणी घागरीवर ओतलं, पुन्हा चिंच लावली. चांगुणा थांबली.

"किती घासशील अक्का?"

नीलम्मा दचकली. हात थांबले.

"भुसकट लागलं होतं," ती म्हणाली.

"भुसकट तर फडक्यानं जातंय."

नीलम्माची मान वर झाली नाही. "सासू पिऊ देईना त्यातलं," ती पुटपुटली. "म्हणाली, तुमच्या... तुमच्या घरातून आली म्हणून. मी काय करू चांगुणा? आन् तू तरी मला कुठं सांगितलंस?"

चांगुणानं विचारायचं ते विचारलं. "साहेबाकडं येतीस का संगं? एक तरी माणूस पाहिजे म्हणतोय साहेब. मी जाऊन आले उदगीरला. तो म्हणाला, नवऱ्यानं कबूल केलंय, गावानं सांगितलंय, तुझ्या एकटीच्या बोलण्यावर कसं होईल?"

नीलम्मानं घागर छातीशी धरली. "माझी वस्तू वापस घेतील गं," ती म्हणाली.

चांगुणा पुढं चालायला लागली.

महिना होत आला तेव्हा न्यायालयानं व्यंकटीला मुचलक्यावर सोडलं. तो चालतच आला, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. आधी घरी आला नाही. वाड्यावर गेला. तिथून आला तो पार संध्याकाळी, आणि दारात उकिडवा बसला.

"काय म्हणाले मालक?" चांगुणानं विचारलं.

"म्हणाले, तारीख संपूस्तोवर वाड्यावर येऊ नको. लोक बोलतेत." तो हाताची नखं खरवडायला लागला. "मलप्पाला माझी घोंगडी दिलीय त्यांनी. गोठ्यातली."

तिनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली. त्यानं ती मोडली, पण खाल्ली नाही. आणि मग तो रडला. लग्न होऊन इतकी सालं झाली, घर जळालं तेव्हासुद्धा तो रडला नव्हता. चांगुणा त्याच्याजवळ बसून राहिली. तिला त्याची कीव आली आणि त्याच वक्ताला त्याचा गळा दाबावा असंही वाटलं.

"उद्या उदगीरला चला," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं सांगा. साहेब म्हणालाय, नवऱ्यानं सोता येऊन सांगितलं तर परत बघतो."

"सांगतो," तो म्हणाला. "सगळं सांगतो. कडब्याचं बी सांगतो."

सकाळच्या एसटीनं दोघं निघाले. वाटेवरची रानं उघडीबोडकी पडली होती, ढेकळंसुद्धा फुटून राख झालेली. व्यंकटी खिडकीतून बघत होता आणि मधूनमधून ओठ हलवत होता. साहेबापुढं काय बोलायचं ते घोकत होता. चांगुणाला ते ऐकू येत होतं. "कडब्याखाली घालून पाठिवलं मालकानं. मी न्हाई म्हणालो न्हाई. चूक झाली." तिला बरं वाटत होतं. किती दिवसांनी ते तिलाच आठवेना.

कचेरी एका भाड्याच्या घरात होती. ओसरीवर बाकडं. शिपायानं नाव विचारलं, बसा म्हणाला, आत लोक आहेत. ते बसले. व्यंकटीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

दाराचा पडदा हलला आणि आप्पासाहेब बाहेर आले.

मागून कारकून त्यांना पोचवायला आला होता. हसत म्हणत होता, "आता काळजी नाही मालक, परवाना झाला. आता सगळं कायद्यात बसतंय." आप्पासाहेबांनी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात घातली. मग त्यांना बाकड्यावरची दोघं दिसली.

चांगुणानं व्यंकटीच्या दंडाला धरलं. दंड दगडासारखा ताठ झाला होता.

"अरे, व्यंकटी," आप्पासाहेब म्हणाले. रोजच्यासारखेच म्हणाले, वाड्याच्या ओसरीवरून म्हणत तसे. "तू हितं हाईस होय? बरं झालं. ती पिशवी घे बरं. जड झालीय."

पिशवी दाराशी ठेवलेली होती. खताच्या पोत्याची शिवलेली, बाजाराची.

व्यंकटी उठला. चांगुणाची बोटं त्याच्या दंडावरून घसरली. तो दोन पावलं गेला, वाकला, पिशवी उचलून खांद्याला लावली. आप्पासाहेब पायऱ्या उतरायला लागले होते. व्यंकटी त्यांच्या मागं उतरला. खालच्या पायरीवर तो थांबला आणि वळून तिच्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. काय करू, असं विचारल्यासारखं तो बघत होता, आणि पिशवी मात्र खाली ठेवत नव्हता.

"चल रे," आप्पासाहेब रस्त्यावरून म्हणाले. "गाडी सुटंल."

तो गेला.

त्याची टोपी बाकड्याखाली पडली होती. चांगुणानं ती उचलली, धूळ झटकली आणि कुठं ठेवावी ते न कळून बाकड्यावर ठेवली.

"व्यंकटी कोण हाय?" शिपायानं हाक दिली. "आत बोलावलंय."

"गेला तो," चांगुणा म्हणाली.

"मग झालं तर. तुमी बी जावा घरी."

चांगुणा उठली. पायाचा अंगठा अजून पुरता बरा झाला नव्हता, उभं राहताना ती जरा कलली. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"मी हाय न्हवं," ती म्हणाली. "मी सांगते."

"तुमचं एकदा सांगून झालंय बाई."

"परत सांगते."

शिपायानं पडदा काही बाजूला धरला नाही. तिनं तो आपल्या हातानं सारला आणि आत गेली.